नाथाजींचे कान

मेढ्याचे नाथाजी रांजणे तोफखान्यातून नायब सुभेदार म्हणून निवृत्त झाले, तेव्हा ट्रंकेत कपड्यांपेक्षा रेकॉर्डच जास्त होत्या. पठाणकोट, जबलपूर, नाशिक, जिथं बदली झाली तिथल्या जुन्या बाजारातून त्यांनी त्या जमवल्या होत्या. गावात त्या ऐकणारं दुसरं कुणी नव्हतं. म्हणून कऱ्हाडजवळच्या मलकापूरच्या नीलिमाताईंनी मोबाइलवर ऐकणाऱ्यांचा ग्रुप काढला, तेव्हा नाथाजींना आपली माणसं सापडल्यासारखं झालं.

नीलिमाताई शाळेत शिक्षिका. दर रविवारी सकाळी त्या ग्रुपवर विचारायच्या, "आज घरी काय ऐकताय?" मग साताऱ्यापासून सांगलीपर्यंतची तीस-चाळीस माणसं आपापल्या रेकॉर्डच्या, सीडीच्या कव्हरांचे फोटो टाकायची आणि चार ओळी लिहायची. नाथाजी चार ओळींवर थांबत नसत. तबलजी कुठं मागं राहिला, गायिकेनं कुठल्या सुरावर श्वास घेतला, सगळं लिहीत. 'नाथाजींचे कान' हा ग्रुपमधला शब्दच झाला होता. कुणी नवी रेकॉर्ड घेतली की म्हणायचं, "आधी नाथाजींच्या कानांखालून जाऊ दे."

आणि नाथाजींना गेली तीन वर्षं जवळजवळ काहीच ऐकू येत नव्हतं.

तोफांनी कान आधीच अर्धे नेले होते, उरलेले वयानं नेले. सुरुवातीला त्यांनी खोटं लिहिलं असं म्हणता येणार नाही. जुन्या रेकॉर्ड त्यांनी हजारदा ऐकल्या होत्या. सुई टेकली की गाणं डोक्यात आपोआप सुरू व्हायचं, आणि ते त्याच्यावर लिहायचे. पण लोक नव्या रेकॉर्ड पाठवू लागले. मग ते कव्हरामागचा मजकूर वाचायचे, इतरांनी काय लिहिलंय ते पाहायचे आणि आपल्या शब्दांत मांडायचे. कानांवर हेडफोन चढवून बसायचे, म्हणजे बायकोला, मनुबाईला, वाटावं की मालक ऐकतायत. आवाज शेवटपर्यंत वाढवला की तबल्याचा ठोका तेवढा छातीत जाणवायचा. तेवढ्यावर त्यांनी तीन वर्षं काढली.

श्रावणात सांगलीहून जयराजचं पाकीट आलं. जयराजचा कुपवाडला लेथ मशिनचा छोटा कारखाना. ग्रुपवर तो कमी बोलायचा. पाकिटात एक सीडी होती आणि हातानं लिहिलेलं पत्र.

"सुभेदारसाहेब, संयोगिताला जाऊन पुढच्या महिन्यात दोन वर्षं होतील. ती लग्नाआधी गाणं शिकली होती. पुढं संसारात राहूनच गेलं. अपेक्षा पोटात असताना तिनं एकदा घरी कॅसेटवर मारवा म्हणून ठेवला होता. त्याच्या दोन सीडी करून घेतल्या, एक तुम्हाला पाठवतोय, पण मला ऐकण्याचं धाडस होत नाही. तुमच्याइतके खरे कान माझ्या ओळखीत नाहीत. आधी तुम्ही ऐका. चांगलं नसेल तर तसंही सांगा. मग मी ऐकेन."

नाथाजींनी सीडी लावली. आवाज वाढवत शेवटाला नेला. काही नाही. तबल्याचा ठोकासुद्धा नाही. पुन्हा लावली, तरी नाही. आता उरलंसुरलंही गेलं, असं त्यांना वाटलं. मनुबाई बाहेर शेंगा फोडत बसली होती. तिला हाक मारून "जरा ऐक गं, काय म्हणतीय ही बाई" एवढं म्हटलं असतं तरी काम झालं असतं. त्यांनी हाक मारली नाही.

दुसऱ्या दिवशी त्यांनी जयराजला भलंमोठं लिहून पाठवलं. संयोगिताबाई कोमल ऋषभावर कशा रेंगाळतात, षड्ज कसा टाळत टाळत नेतात, आवाज शिकलेल्या बाईचा असूनही त्यात दाखवणं कसं नाही. लिहिता लिहिता त्यांना स्वतःलाच ते खरं वाटू लागलं. शेवटी त्यांनी लिहिलं, "मध्येच स्वयंपाकघरात कुठंतरी भांडं पडतं, आणि त्या गाता गाताच हसतात. ते हसू मी तीनदा ऐकलं."

जयराजचं उत्तर एका ओळीचं आलं. "साहेब, तुमचे उपकार कसे फेडू?"

महिन्याभरानं एका दुपारी फोन वाजला. नाथाजींना तो कळलाच नाही, मनुबाईनं उचलला. थोडा वेळ ऐकून तिनं फोन छातीशी धरला आणि ओठ दिसतील अशी ती नाथाजींकडं वळली.

"आवं, सांगलीचं जयराजभावजी हायत."

"काय म्हणत्यात?"

"त्या शीडीत कायबी न्हाई म्हणत्यात."

"काय न्हाई?"

"कोरी हाय म्हणत्यात!"

"आँ?"

"कोरी! कोरी हाय ती!" मनुबाई ओरडली. शेजारच्या अंगणात मिरच्या वाळत घालणारी भामाबाई वळून बघू लागली. "गाणं न्हाईच त्यात! दुकानदारानं कॅसेटची रिकामीच बाजू उतरवलीया! तुमी काय ऐकलं, असं इचारत्यात!"

नाथाजी तिच्या तोंडाकडं बघत राहिले. एकदा तरी ऐकू न आल्याचं सोंग करता आलं असतं, पण सगळं कळल्याचं त्यांच्या चेहऱ्यावर आलं होतं. त्यांनी हातानंच फोन ठेवायची खूण केली.

"ठिवलाय त्येंनी," मनुबाई म्हणाली. दारातली शेंगांची पाटी उचलून आत नेताना वळून म्हणाली, "मला म्हाईत व्हतं तुमाला ऐकू येत न्हाई. पर तुमी लोकांस्नी असं कायबाय लिवताय, ते न्हवतं म्हाईत."

दोन दिवस त्यांना जेवण गेलं नाही. तिसऱ्या दिवशी ते एसटीनं सातारा आणि तिथून सांगलीला गेले. रिक्षा करून कुपवाडला पोहोचले, तेव्हा जेवणाची सुट्टी होत आली होती. कारखान्यात तीन मशिनं चालू होती. त्यांचा आवाज नाथाजींना येत नव्हता, नुसती पायाखालची फरशी थरथरत होती. जयराज एका कामगाराशेजारी उभा होता. त्यांना बघून तो पुढं आला, पण हसला नाही.

"जयराजराव, मी बहिरा हाय," नाथाजी म्हणाले. "तीन वर्षं झाली. मला कायबी ऐकू येत न्हाई. मी खोटं लिवलं."

बहिरा माणूस किती मोठ्यानं बोलतो ते त्याला कळत नाही. मशिनवरच्या तिन्ही कामगारांनी माना वर केल्या. एकानं मशिन बंद केलं. जयराज काहीतरी बोलला, ते नाथाजींना समजलं नाही. ते पुन्हा मोठ्यानं म्हणाले, "आँ?" मग जयराजनं टेबलावरचा एक पुठ्ठा ओढला आणि पेननं लिहून पुढं केला.

"श्राद्धाला तिचे आईवडील आले होते. भाऊ आले होते. तुमचं पत्र मी सगळ्यांपुढं वाचून दाखवलं. मग सीडी लावली."

नाथाजींनी वाचलं. पुठ्ठा परत द्यायला हात पुढं केला, तर जयराजनं तो घेऊन त्याखाली आणखी लिहिलं.

"भांडं पडलं असं का लिहिलंत?"

नाथाजी म्हणाले, "सुचलं म्हणून."

जयराजचा चेहरा वाकडा झाला. त्यानं लिहिलं नाही, पण सावकाश, ओठ नीट हलवत बोलला, आणि नाथाजींना प्रत्येक शब्द कळला. "महिनाभर मी मनातल्या मनात तेच ऐकत होतो. तिचं हसणं. झोपताना, उठताना. अपेक्षाला सांगत होतो, तुझी आई गाताना हसलीय म्हणून."

नाथाजींना वाटलं, त्यानं एक मुस्काटात द्यावी. पण जयराजनं लहान पोरासारखं त्यांना दंडाला धरून खुर्चीत बसवलं, पाणी दिलं, आणि ते पिऊन होईपर्यंत समोर उभा राहिला. मग तसंच सावकाश म्हणाला, "कॅसेट शाबूत आहे. दुसरी बाजू उतरवून घेतलीय." एवढं सांगून तो मशिनकडं वळला. मान खाली घालून नाथाजी बाहेर पडले. माफी मागायची राहिलीच, हे त्यांना स्टँडवर आल्यावर आठवलं. परत जायचं धाडस झालं नाही.

स्टँडच्या बाकावर बसूनच त्यांनी ग्रुपवर लिहिलं. "मी नाथाजी रांजणे. मला तीन वर्षांपासून ऐकू येत नाही. तुमच्या नव्या रेकॉर्डींवर मी जे लिहिलं ते न ऐकता लिहिलं. एका माणसाला मी फार दुखावलं. सर्वांची माफी मागतो." जयराजचं नाव त्यांनी घातलं नाही. पुढं कोण काय लिहितं ते बघवेना, म्हणून मोबाइल बंद करून खिशात टाकला. मेढ्याला पोहोचेपर्यंत उघडला नाही.

काहींनी ग्रुप सोडला होता. एकानं लिहिलं होतं, "म्हणजे आम्ही तीन वर्षं मूर्ख." नीलिमाताईंनी वेगळा निरोप पाठवला होता, "आधी कानाच्या डॉक्टरांकडे जा. बाकीचं नंतर."

माजी सैनिकांच्या दवाखान्यातून त्यांना कानाचं यंत्र मिळालं. त्यातून मनुबाईच्या बांगड्या ऐकू आल्या, कुकर ऐकू आला, भामाबाईचं बोलणंही आलं. गाणं मात्र पत्र्यावर खडे टाकल्यासारखं यायचं. त्यांनी रेकॉर्ड पुन्हा ट्रंकेत भरल्या. ग्रुपवर ते इतरांचं वाचत, स्वतः काही लिहीत नसत.

दिवाळीनंतर नीलिमाताईंनी मलकापूरला आपल्या घरी सगळ्यांना बोलावलं. नाथाजी जाणार नव्हते. मनुबाई म्हणाली, "तोंड लपवून किती दिस बसणार? मी येते संगं." दोघं गेली. नाथाजी दाराशेजारच्या खुर्चीत बसले. जयराज पलीकडच्या भिंतीला होता, शेजारी त्याची मुलगी अपेक्षा. त्यानं नाथाजींकडं एकदा पाहिलं आणि नजर काढून घेतली.

चहा झाल्यावर जयराजनं एक सीडी काढली. "संयोगिताचा मारवा आहे. अपेक्षा पोटात असतानाचा," तो म्हणाला, आणि नीलिमाताईंनी ती लावली.

सतरा मिनिटं खोलीत कुणी हललं नाही. नाथाजींच्या यंत्रात खरखर येत होती, त्याच्यामागं काहीतरी बारीक, वर-खाली होणारं. ते त्यांना धरता येईना. त्यांनी मनुबाईकडं पाहिलं. ती पदर हातात धरून, तोंड किंचित उघडं ठेवून ऐकत होती. चाळीस वर्षांत आपण हिला कधी एक रेकॉर्ड ऐकवली नाही, हे त्यांना तेव्हा जाणवलं, आणि त्यांनी नजर खाली वळवली.

सीडी संपली. मग जुन्या सवयीनं दोन-तीन माना नाथाजींकडं वळल्या. कुणीतरी विचारलंही, "कसं वाटलं, सुभेदारसाहेब?" आणि विचारल्यावर तोच ओशाळला.

नाथाजी उठून उभे राहिले. "मला ऐकू आलं न्हाई," ते म्हणाले. आवाज खोलीत मोठा घुमला. "जयराजराव, तुमची माफी मागायची राहिली व्हती. ती मागतो."

जयराजनं मान हलवली. माफ केलं म्हणून हलवली की नुसतं ऐकलं म्हणून, ते नाथाजींना कळलं नाही, आणि विचारायचा हक्क आपल्याला नाही असं वाटून ते खाली बसले. अपेक्षा तेवढ्यात मनुबाईशेजारी येऊन बसली होती.

"तुम्हाला कसं वाटलं, काकू?" तिनं विचारलं.

मनुबाईनं पदरानं डोळे पुसले. "मला त्यातलं कायबी कळत न्हाई बाई," ती म्हणाली. "पर आवाज लय कोवळा व्हता तुज्या आईचा. तू पोटात व्हतीस न्हवं तवा?"

"व्हय," अपेक्षा म्हणाली आणि तिच्या खांद्याला टेकली.