सात नंबरचा पिवळा पट्टा

आधी पाना, मग रंग. मामांचा हा नियम मोडायची बागेत कुणाची छाती नव्हती. आकाशपाळण्याला बारा डबे, प्रत्येक डबा एका दांड्याला लटकलेला आणि दांड्याच्या दोन्ही टोकांना मुठीएवढा एकेक नट. मामा नट आवळायचे. त्यांच्या मागोमाग धाकटी ब्रश घेऊन यायची आणि नटावरून खालच्या पत्र्यापर्यंत एक पिवळा पट्टा ओढायची. नट पुढेमागे जरासा जरी फिरला तरी तो पट्टा मधोमध तुटलेला दिसायचा. पट्टा म्हणजे मामांची सही. पट्टा दिसला की तिथे पुन्हा पाना लावायचा नाही, एवढं साधं होतं सगळं.

धाकटी म्हणजे बागेच्या मालकांची दुसरी लेक. वय छत्तीस, पदरी सहा वर्षांची मुलगी चिमणी, तरी घरात आणि बागेत सगळ्यांसाठी ती धाकटीच. मामा तिच्या आईचे भाऊ, बागेचे मिस्त्री. थोरली बहीण ताई आकाशपाळण्याच्या मोटारीच्या खटक्यापाशी बसायची. बाबा बाकीचं सगळं बघायचे, म्हणजे कुणाचंही न ऐकता सगळीकडे नाक खुपसायचे.

आणि आज पाच वर्षांनी बाग उघडत होती.

पाच वर्षांपूर्वी भर दुपारी आकाशपाळणा वरच्या वर अडकला होता. अकरा माणसं तीन तास हवेत लटकली. कुणाला साधं खरचटलंही नाही, पण लोकांच्या तोंडाला कुलूप कोण लावणार? समुद्रकाठची ती बाग म्हणजे मरणाचा सापळा, असं जो तो सांगू लागला. उरलंसुरलं वादळाने पुरं केलं. पाणी तिकीटखिडकीपर्यंत आलं, गोल फिरणारे लाकडी घोडे वाहून गेले, त्यातला एक तर दोन मैलांवर वाळूत पाय वर करून पडलेला सापडला. बाबांनी तो खांद्यावर घालून आणला. मग गंज खरवडणं सुरू झालं. खारा वारा इकडे गंज चढवतोय आणि हे चौघं तिकडे तो उतरवतायत, अशी शर्यत पाच वर्षं चालली.

आता आकाशपाळण्याभोवतीच्या दोरीमागे तीनशे माणसं तरी उभी होती. त्यातली निम्मी मजा करायला आली होती आणि निम्मी मजा बघायला. आज काही अडकतंय का, एवढंच त्या निम्म्यांना बघायचं होतं. आकाशपाळणा आज फेरीच्या मध्ये थांबला तर बाग पुन्हा उघडायची नाही, हे घरात कुणी बोलून दाखवलं नव्हतं, पण चौघांनाही पक्कं ठाऊक होतं.

पहिली खेप घरच्या माणसांची, ही बाबांची जुनी रीत. आपलं माणूस ज्यात बसवायला आपण धजत नाही, त्यात दुसऱ्याचं बसवायचं नाही. म्हणून बाबा नातीला घेऊन डब्यात बसले. डबा सात नंबरचा निघाला, कारण तोच तेव्हा खाली होता. बाकीच्या डब्यांत वजनासाठी वाळूची पोती ठेवली होती. मामांनी कडी लावली, ताईने खटका दाबला. एका खेपेच्या पाच फेऱ्या, त्या लोकांनी मोजायला सुरुवात केली.

सात नंबरचा डबा धाकटीच्या डोळ्यांसमोरून वर उचलला गेला. समुद्राकडच्या नटावर तिनेच ओढलेला पट्टा होता. सरळ, सुबक, नवाकोरा. बघून तिला बरं वाटलं, आणि लगेच कुठेतरी खुपलं. पट्टा फारच स्वच्छ होता.

मामांचे हात कायम ग्रीसने माखलेले. त्यांनी आवळलेल्या प्रत्येक नटाशेजारी अंगठ्याचा काळा डाग असायचाच, आणि त्यावरून धाकटीची नेहमीची चिडचिड. इथे डाग नव्हता.

काल दुपारी मामांच्या डोळ्यांत वाळू गेली होती. डोळे धुवायला ते नळावर गेले. वाऱ्याने डबडीतल्या रंगावर साय धरू लागली होती. धाकटीने विचार केला, येतीलच आता, तोवर हा एक उरकून घेऊ. तिने पट्टा ओढला. तेवढ्यात दिव्यांच्या माळा लावणाऱ्या वायरमनने हाक मारली म्हणून ती तिकडे गेली. परत आली तेव्हा मामा आठ नंबरवर होते. सातवर पट्टा दिसला, म्हणजे सात झाला, असं ते धरून चालले असणार. त्यांच्याच नियमाने त्यांना फसवलं होतं. नियम मात्र मोडला होता तिने.

समुद्राकडचा तो नट नुसता हाताने फिरवून बसवलेला होता. वर तिची पोर होती. वर तिचा बाप होता.

धावावंसं वाटत असूनही ती चालत ताईपाशी गेली. धावली असती तर तीनशे माणसांनी पाहिलं असतं. ताईच्या कानाशी वाकून तिने सांगितलं. ताईचा हात खटक्याकडे गेला.

"थांबवू नकोस," धाकटी म्हणाली. "ब्रेकचा झटका बसेल. हळू कर, आणि सात खाली आला की तिथेच सोड."

म्हणजे एक अख्खी फेरी. मोटारीचा आवाज खाली आला. डबा घड्याळाच्या तीनवर होता, मग दोनवर. चिमणी उठून उभी राहिली होती. तिला होड्या बघायच्या होत्या आणि होड्या समुद्राच्या बाजूला होत्या. बाबाही तिच्या खांद्यावरून वाकून बोट दाखवत होते. दोघांचं सगळं वजन त्या एका नटावर. डबा किंचित कलला. कलला की तिला तसं वाटलं, हे तिला पुढेही कधी सांगता आलं नाही.

ओरडून उपयोग नव्हता. वाऱ्यात ऐकू गेलं नसतं आणि गर्दीला तेवढं नेमकं ऐकू गेलं असतं. पण बागेत वाऱ्यामुळे हातांची एक भाषा तयार झाली होती. धाकटीने दोन्ही तळवे डोक्यावर ठेवले. जागेवर बसा, हलू नका. मग एक हात जमिनीच्या बाजूला झटकला.

बाबांनी पाहिलं. ती खूण त्यांनीच सगळ्यांना शिकवली होती, तिचा अर्थ त्यांना कुणी समजावायला नको होता. त्यांनी चिमणीला उचलून मांडीवर घेतलं आणि जमिनीच्या बाजूच्या कोपऱ्यात सरकून बसले. मग लोकांकडे बघून हात हलवू लागले. ते हसत होते. छत्तीस वर्षांत धाकटीने बापाला असा घाबरलेला पाहिला नव्हता, आणि तिला ते कळलं ते त्याच्या हसण्यावरूनच.

डबा बारावर गेला. तिथे तो क्षणभर डोलला. धाकटी मनात नुसते आकडे मोजत होती. अकरा. दहा. गर्दीत कुणीतरी म्हणालं, आज फारच हळू फिरतोय की. नऊ. आठ. डबा पुरेसा जवळ आला तेव्हा तिला पट्टा दिसला. तो आता सरळ नव्हता. नटावरचा तुकडा एकीकडे, पत्र्यावरचा दुसरीकडे, मध्ये चांगलं दोन बोटांचं अंतर.

डबा खाली लागला. मामांनी कडी काढून चिमणीला बाहेर घेतलं, बाबा स्वतःच उतरले. मग मामांनी दोन बोटांनी नट धरला. तो पाण्याच्या नळासारखा सहज फिरला.

"हा माझ्या हातचा नाही," मामा हळूच म्हणाले.

"माझ्या हातचा आहे. मी आधीच रंगवला."

पुढच्या रांगेने ते ऐकलं. ऐकलेलं मागे जायला किती वेळ लागतो? एका बाईने मुलाला कडेवर घेतलं आणि फाटकाकडे निघाली. तिच्यामागे दोघं, मग दहाबारा. ताई बाबांच्या कानाशी लागली, लोकांना सांगा की नेहमीची तपासणी होती म्हणून.

बाबांनी कर्णा उचलला. "सात नंबरचा नट सैल राहिला होता," ते म्हणाले. "चूक आमची. आता चोवीसच्या चोवीस नट तुमच्यासमोर आवळतो. ज्यांना जायचं त्यांनी जावं. थांबणाऱ्यांनी डोळे उघडे ठेवावेत."

निम्मी माणसं गेली. धाकटीला वाटलं, संपलं सगळं, आणि ते मी संपवलं. तरी तिने ब्रश उचलला. मामा पान्यावर सगळं अंग टाकत होते, ती त्यांच्या मागोमाग पट्टा ओढत होती. एकही पट्टा सरळ येईना. थांबलेली माणसं हळूहळू दोरीपर्यंत सरकली. एक म्हाताऱ्या बाई तर नातवाकडून मोठ्याने आकडे मोजून घेऊ लागल्या. अठराव्या नटाला मामांनी दम खायला पाना खाली ठेवला, तर त्यांनी विचारलं, हा झाला का अर्धाच राहिला? मामांनी तो निमूटपणे पुन्हा आवळून दाखवला.

चोवीस झाले. बाबा म्हणाले, पहिली खेप पुन्हा करायची. कुणी बसायचं ते त्यांनी सांगितलं नाही. फक्त सात नंबरच्या डब्याचं दार उघडून धरलं आणि धाकटीकडे पाहिलं.

धाकटीला उंचीची भीती होती. अख्खं आयुष्य बागेत काढून ती आकाशपाळण्यात एकदाही बसली नव्हती, डबे खाली आणूनच रंगवायची. घरात हा चेष्टेचा जुना विषय होता. आज कुणी चेष्टा केली नाही. ती आत बसली. चिमणीने आधीच उडी मारून तिच्या शेजारची जागा पकडली होती. तिला उतर म्हणावं, हे धाकटीच्या अगदी ओठांवर आलं. पण दोरीपलीकडे एवढी लोकांची मुलं उभी होती. तिने ते गिळलं आणि पोरीला घट्ट जवळ ओढलं.

डबा उचलला गेला. तिने समुद्राकडे पाहिलं नाही, खालीही नाही. ती हातभर अंतरावरच्या त्या वाकड्या पट्ट्याकडे बघत राहिली. त्याच्या शेजारी मामांच्या अंगठ्याचा काळाकुट्ट डाग होता.

पाचव्या फेरीनंतर डबा खाली लागला तेव्हा म्हाताऱ्या बाई मामांशी हुज्जत घालत होत्या. मामा त्यांना दुसऱ्या डब्याकडे नेत होते आणि बाई जागच्या हलायला तयार नव्हत्या.

"मला सातच हवा," त्या म्हणाल्या. "तिथे आत्ता तिची पोर बसली होती."