विझवलेल्या भट्टीतली मडकी

मराकेशातल्या आमच्या गल्लीची ऊर्जाबचत पाहायला राजधानीतून पाहुणे येणार होते, म्हणून सोमवारी हमामाची, म्हणजे सार्वजनिक स्नानगृहाची, भट्टी विझवण्यात आली. या कार्यात माझाही वाटा होता. हरित समितीच्या अहवालातले 'वारसा आणि शाश्वत विकास' हे प्रकरण प्राध्यापक म्हणून मी लिहिले होते: एकोणतीस तळटिपा, आणि शेवटी माझी सही.

अहवालात खोटे काहीही नव्हते. जुनी भट्टी सुतारांचा भुसा आणि ऑलिव्हच्या बिया खाई व धूर ओके. नवा बॉयलर निम्म्या इंधनात तेवढेच पाणी तापवणार होता. वफाए या तरुण अभियंता बाईंनी सारे काटेकोरपणे मोजले होते. मात्र त्यांना मोजायला सांगितले होते ते फक्त पाणी. सांगणारे होते हरित समितीचे अध्यक्ष सी लहबीब. त्यांच्या हॉटेलात 'टॉवेल दोनदा वापरावा' अशी विनंती पाच भाषांत टांगलेली आहे, आणि त्या विनंतीसमोर कारंजे अहोरात्र उडत असते.

भट्टीच्या खड्ड्यात बत्तीस वर्षे बा फद्दूल जाळ सांभाळत. पाहुण्यांनी अहवाल मान्य केला की खड्डा बुजवायचा आणि बा फद्दूल यांनी घरी बसायचे, असे ठरले होते. हे सांगायला मी गेलो तेव्हा त्यांनी तक्रार केली नाही. राख किती मोजली, एवढेच विचारले. राख मोजत नसतात, असे मी म्हणालो. ती कचरा आहे, अशी माझी एक तळटीपही होती.

गुरुवारी संध्याकाळी पाहुण्यांना तंजियाचे जेवण होते; मराकेशात मानाच्या पाहुण्याला दुसरे काही वाढत नाहीत. मांस, लसूण, जिरे आणि खारवलेले लिंबू मडक्यात भरायचे, तोंडावर कागद बांधायचा, कागदावर नाव लिहायचे आणि सकाळीच मडके हमामाच्या खड्ड्याशी ठेवून यायचे. पुढचे राख पाहते. आमच्या आजोबांनी हेच केले. गुरुवारी सकाळी आम्हीही हेच केले. ज्या समितीने तीन दिवसांपूर्वी भट्टी विझवली, तिच्या सगळ्या सभासदांनी आपापली मडकी त्याच भट्टीशी नेऊन ठेवली. एकाच्याही मनात शंका आली नाही. माझ्याही नाही.

दुपारी बा फद्दूल आपली लोखंडी सळई न्यायला आले आणि त्यांनी निरोप धाडला. मी पोहोचलो तेव्हा चौतीस मडकी गार राखेत ओळीने उभी होती. सी लहबीब घामाघूम होऊन उभे होते.

"बा फद्दूल, काहीतरी करा हो. पाहुणे सहाला येतायत."

"राख तापायला तीन दिवस लागतात, सी लहबीब. माझ्या हातात असतं तर फुंकर घातली असती."

मग बा फद्दूल माझ्याकडे वळले. हातात माझे मडके होते.

"तुमची अहवालावरची सही मला काही वाचता येत नाही, उस्ताद. ही मडक्यावरची येते. बत्तीस वर्षं बघतोय."

मी मडके घेतले. ते इतके गार होते की मला माझी तळटीप शब्दशः आठवली.

चौतीस मडकी चौतीस घरांत गॅसवर चढली. तंजिया घाईने शिजत नाही. पाहुण्यांनी पाव आणि ऑलिव्ह खाल्ले आणि आमच्या साधेपणाचे मनापासून कौतुक केले. वफाए मात्र जेवल्या नाहीत. वही घेऊन त्या घरोघर शेगड्या पाहत फिरल्या. परतल्या तेव्हा त्यांनी हलक्या आवाजात विचारले, "सर, ही मडकी आठवड्यातून किती वेळा येतात?"

"भट्टी पेटती असेपर्यंत, रोज."

"मग मी अर्धंच मोजलंय. मला कुणी सांगितलं का नाही?"

त्याच संध्याकाळी, पाहुण्यांसमोर, मी माझी सही मागे घेतली. सी लहबीब माझ्या विद्वत्तेबद्दल जे बोलले, ते बहुतांशी खरे होते. पाहुण्यांनी पुन्हा मोजणी करण्याचा आदेश दिला: या वेळी पाणी आणि मडकी, दोन्ही.

शुक्रवारी नमाजानंतर, या मोजणीसाठी, बा फद्दूल यांनी पुन्हा जाळ लावला. मोजणीचा निकाल काय येईल, मला ठाऊक नाही. धूर तर आहेच, आणि तोही मोजला जाईल. सोमवारी मी मडके घेऊन गेलो. त्यांनी कागदावरचे नाव वाचले आणि मडके राखेत पुरले.