ओताकीच्या मानेवरचा सहावा महिना

लहान

योहाची टोफूवाल्याला जागा बदलायची होती. बस्स, एवढंच. कविमंडळात त्याची जागा जिन्याच्या तोंडाशी होती, आणि साकेचे, म्हणजे तांदळाच्या दारूचे, बुधले घेऊन वर येणारी पोरगी दर खेपेला त्याच्या गुडघ्यावर पाय देऊन आत जायची.

मोठा

मंडळ भरायचं एदो शहरात, फुकागावातल्या एका शेवयांच्या दुकानाच्या माडीवर. नव्या वर्षाच्या पहिल्या बैठकीला प्रत्येकाने एक छापील चित्र आणायचं, सगळ्यांना वाटायचं, आणि त्यात वर्षाचे मोठे महिने लपवायचे. कुठला महिना तीस दिवसांचा मोठा आणि कुठला एकोणतीसचा लहान, हे दर वर्षी बदलतं. पण उघड पंचांग छापायचा हक्क ठरावीक लोकांनाच. म्हणून हा चोरटा खेळ. ज्याचं चित्र सगळ्यात शेवटी उलगडेल त्याने वर्षभर शेगडीजवळ बसायचं. ज्याचं सगळ्यात आधी, त्याने जिन्याशी.

गेल्या वर्षी योहाचीने टोफूच्या वड्यांवर आकडे काढले होते. मंडळाचे म्होरके, निवृत्त सामुराई कुरातासाहेब, यांनी ते चित्र उलटं धरूनच वाचून दाखवलं होतं.

"साके अजून गरमसुद्धा झाली नाही रे," ते म्हणाले होते. "जरा तरी दम काढू द्यायचास!"

मोठा

या वेळची कल्पना त्याला सुचली ती भल्या सकाळी, सोयाचं दूध उकळत असताना. त्याची बायको ओताकी कढईवर वाकून साय बाजूला करत होती. वाफेने तिचे केस सुटले होते आणि घामेजलेल्या मानेवर चिकटले होते. योहाची सोयाबीन दळता दळता थांबला. तिच्या मानेवर जपानी लिपीतला सहाचा आकडा होता, 六. वर ठिपक्यासारखं वळलेलं टोक, खाली एक आडवी बट, आणि तिच्याखाली दोन फाकवलेले पाय. एदोमधलं शेंबडं पोरही ओळखेल असा स्वच्छ सहा. आणि सहावा महिना या वर्षी मोठा!

"काय बघताय?" ओताकी मागे न वळताच म्हणाली.

"काही नाही."

"काही नाही बघायचं असेल तर जातं फिरवता फिरवता बघा."

"हलू नकोस गं जरा."

"हलू नको? दूध काय तुमची आत्याबाई ढवळणार?"

लहान

त्याने चित्र काढलं. पाठमोरी बाई, कढई, खिडकीची जाळी, वाफ. मानेवरच्या सुट्या केसांत वर्षाचे मोठे महिने: दोन, तीन, पाच, सहा, आठ, दहा. कोणाला सांगितलं नाही. बायकोलाही नाही.

मोठा

ठसे कोरणाऱ्या चोगोरोला तर मुळीच नाही. चोगोरो कुरातासाहेबांचंही चित्र कोरत होता, आणि त्याचा हात जितका बारीक तितकं तोंड मोठं, हे सगळ्या आळीला ठाऊक होतं.

"जसं आहे तसं कोर," योहाची एवढंच म्हणाला.

चोगोरोने कागद उजेडात धरला. "तुम्हीच काढलंत?"

"मीच."

"ते कळतंयच म्हणा." मग त्याने चित्र चेरीच्या फळीवर पालथं चिकटवलं, बोटांनी वरचा पापुद्रा चोळून काढला, तशा रेघा उमटून दिसू लागल्या. आता कागदासकट लाकूड कापायचं. एकदा सुरी फिरली की मूळ चित्र संपलं. राहील तो ठसाच.

पण चोगोरोच्या हाताखाली कोरणारी माणसं होती. कपडे ती कोरत, भांडी ती कोरत. डोक्याचे केस मात्र खुद्द उस्ताद. एदोमध्ये चित्रकार केसांचा नुसता घेर काढून देतो, बाकीचं कोरणाऱ्यावर सोपवतो. तो त्याचा मान असतो. योहाची चित्रकार नव्हता. त्याला हे कोण सांगणार?

मोठा

बैठकीच्या दिवशी सकाळी छापलेला गठ्ठा आला. योहाचीने दोरी सोडली आणि वरचं चित्र उचललं. बाई होती, कढई होती, वाफ तर अशी की हात लावला असता तर ओला झाला असता. पण केस! एकेक केस तेल लावून, विंचरून, शेकडो सरळ रेघांत वर गेलेला. मान शिंपल्यासारखी कोरी.

तो तसाच चोगोरोकडे धावला.

"केस कुठे गेले?"

"गेले? अहो, आणले! तुम्ही नुसता चिपाडाचा भारा काढला होता. मी म्हटलं, बिचाऱ्या वहिनी, नव्या वर्षाच्या चित्रात अशा झिंज्या? तीन रात्री घातल्या मी त्या केसांत. जादा काही घेतलं नाही."

"अरे, त्या झिंज्यांतच महिने होते!"

चोगोरोचं तोंड उघडंच राहिलं. जन्मात पहिल्यांदा त्यातून काही बाहेर पडलं नाही.

लहान

ओताकीने चित्र हातात घेतलं, लांब धरलं, जवळ धरलं. "ही मी?"

"तूच."

"लग्नातसुद्धा इतकी नीटनेटकी नव्हते मी." मग हसून तिने त्याला नवा अंगरखा दिला. "जा. जिन्याशी बसलात म्हणून काय मरत नाही माणूस."

मोठा

माडीवर चित्रं फिरू लागली. वैद्यबुवांनी औषधांच्या पेटाऱ्यातल्या पुड्यांवर महिने लपवले होते. दुसरा घोट घ्यायच्या आत सापडले. कुरातासाहेबांच्या सारसाच्या पिसांना जरा वेळ लागला. मग योहाचीच्या चित्राची पाळी आली.

"हं," कुरातासाहेब म्हणाले. बऱ्याच वेळाने पुन्हा म्हणाले, "हं."

चित्र उलटं झालं, आडवं झालं, खिडकीशी उजेडात धरलं गेलं. शेवया थंड झाल्या.

"दहा!" वैद्यबुवा ओरडले. "खिडकीची जाळी बघा. आडवी पट्टी, उभी पट्टी. दहा!"

"वा रे पठ्ठ्या!" कुरातासाहेबांनी योहाचीच्या पाठीत गुद्दा घातला. "मग कढईचे हे दोन काठ म्हणजे दोन. आणि वाफेच्या या दोन तिरक्या रेघा? आठ!"

कमरपट्ट्याच्या गाठीत पाच निघाला. चुलीतल्या लाकडांत तीन. योहाची जिन्याच्या तोंडाशी बसून घाम पुसत होता. यातलं एकही त्याने लपवलेलं नव्हतं.

लहान

सहा मात्र निघेना. वैद्यबुवांनी झाकणाच्या मुठीत शोधला, कुरातासाहेबांनी बाईच्या टाचेत. नाही म्हणजे नाही.

मोठा

शेवटी कुरातासाहेबांनी चित्र गुडघ्यावर ठेवलं. "हरलो. शेगडी तुझी, योहाची. फक्त सहा कुठे आहे ते दाखव, म्हणजे मी सुखाने म्हातारा होईन."

योहाची उठून जवळ गेला. आता शेगडी हातभर अंतरावर होती. निखारे लालबुंद. योहाचीचं बोट उठलं. चित्रातल्या चुलीच्या राखेवर ठेवलं असतं तरी चाललं असतं. या लोकांनी तिथे सहा बघितला असता. पण म्हातारा असा डोळे मोठे करून बघत होता, जसं पोर जादूगाराच्या मुठीकडे बघतं.

बोट खाली आलं.

"सहा नाही, साहेब. दोन पण नाही. काहीच नाही. होतं ते केसांत होतं, आणि चोगोरोने ते विंचरून टाकलं."

मग कुरातासाहेबांच्या पोटातून काहीतरी गडगडलं, आणि ते इतके हसले की त्यांना धरून बसवावं लागलं. "म्हणजे मी नसलेला आठ शोधला? दोन शोधला? आणि हा वैद्य, नसलेल्या दहासाठी ओरडला!"

एवढ्यात जिना करकरला. खालच्या दुकानाने मागवलेला गरम टोफू घेऊन ओताकी वर आली होती, धापा टाकत, घामाघूम, सुटे केस मानेला चिकटलेले. तिने सगळ्यांना नमस्कार केला आणि टोपली ठेवायला पाठ वळवून वाकली.

लहान

"सहा!" कुरातासाहेब गरजले.

ओताकी दचकून मानेवर हात ठेवणार, तोच ते ओरडले, "हात लावू नका! पुसून जाईल!"

"माझ्या मानेवर काय शोधताय, आजोबा? या वयात?"

लहान

निकाल असा लागला: महिना सापडला तो ओताकीवर, म्हणून शेगडी ओताकीची.

"पण मला कविता येत नाही."

"आम्हाला कुठे येते?" वैद्यबुवा म्हणाले.

ती शेगडीजवळ टेकली. योहाची जिन्याशीच बसून सगळ्यांना साके ओतू लागला. पोरगी गुडघ्यावर पाय देऊन गेली, तरी त्याला कळलं नाही.

अधिक

त्या वर्षी पंचांगात अधिक महिना नव्हता. तरी दुसऱ्या दिवशी चोगोरो सुऱ्या आणि ठसा घेऊन टोफूच्या दुकानात हजर झाला. केसांचा तुकडा त्याने ठशातून कापून काढला होता, आणि त्या जागी कोरं लाकूड ठोकून बसवलं होतं.

"या वेळी बघून कोरणार," तो म्हणाला आणि कढईसमोर मांडी घालून बसला. "हलू नका, वहिनी. विस्कटलेले केस म्हणजे काय खेळ नाही. सरळ केस कोणीही कोरेल."

"चोगोरोभाऊ, दूध वर येतंय."

"हलू नका!"

"अहो, उतू जाईल!"

"जाऊ दे!" योहाची जात्यावरून ओरडला.

आणि ते गेलंच.