ढेकूळ ग्रुपचा एकच माईक

मित्रांनो, जरा लांबून बोला. मी एक जुना माईक आहे. तोंड लावून ओरडलं की माझ्या पोटात करकर होते. माझ्या जाळीला एक मोठा पोचा आहे. तो नांदेडला पडला. त्याचं सांगायचं म्हटलं की अजून धाकधूक होते. तरी सांगतो.

कुठल्या कारखान्यात झालो ते आठवत नाही. शुद्धीवर आलो ते हैदराबादच्या एका दुकानात. तिथून लातूरच्या तीन पोरांनी मला आणलं. बसमध्ये मांडीवर घेऊन बसले, आळीपाळीनं. रेणुकादास गाणी लिहायचा. मकबूल गिटार वाजवायचा, चाली लावायचा. शिवप्पा ड्रम बडवायचा. कुणी कुणाकडं शिकलेलं नव्हतं. इंग्रजी रॉकच्या कॅसेटी झिजेपर्यंत ऐकल्या आणि सुरू केलं. शिवप्पाचा बाप म्हणला, नुसती ढेकळं हायत तिघं. झालं, ग्रुपचं नाव ढेकूळ.

माईक मी एकच. म्हणून रेणू आणि मकबूल गालाला गाल लावून गायचे. एकाच्या तोंडाला चहाचा वास, दुसऱ्याच्या बडीशेपेचा. गाणं संपलं की लगेच भांडण. रेणूला आणखी एक कडवं पाहिजे असायचं. मकबूल म्हणायचा, शब्द कमी कर, गिटारला श्वास घेऊ दे. शिवप्पा वैतागायचा. "तुमचं दोघांचं लगीनच लावून द्यावं. भांडायला घर तरी मिळंल." पण खरं सांगू का, त्या भांडणातूनच चांगली गाणी निघायची. अहमदपूरला लोक खुर्च्यांवर उभे राहिले होते. मी लई खुशीत होतो.

मग ९३ साल. किल्लारीकडं भूकंप झाला. दुसऱ्याच दिवशी हे तिघं टेम्पोत भाकरी, चादरी आणि मला घालून तिकडं गेले. एका शाळेच्या मैदानात छावणी होती. मला भोंग्याला जोडलं. लोक येऊन सांगायचे, माझा भाऊ सापडंना, माझी सून सापडंना. रेणू वहीत नाव लिहून घ्यायचा. मकबूल माझ्यातून पुकारायचा. नाव, बापाचं नाव, गाव. सात दिवस. त्या सात दिवसांत माझ्यातून दुसरं काही गेलं नाही. मकबूलचा आवाज बसला, तरी पुकारत राहिला.

परत आल्यावर रेणूनं गाणं लिहिलं. मकबूलचीच एक जुनी चाल घेतली. वहीतली सतरा नावं घेतली आणि त्यांचं धृपद केलं. गाणं चांगलं होतं, मित्रांनो. खोटं कशाला बोलू? माझ्या अंगावर काटा आला. मकबूल मात्र म्हणला, "ती नावं हायत रेणू. गाणं न्हाई." रेणू म्हणला, विसरली जातील ती माणसं. मकबूल म्हणला, मग वही जपून ठेव. महिनाभर हेच चाललं. तेव्हापासून मला भीतीच बसली. एका माईकवर दोन तोंडं, आणि दोघं एकमेकांकडं बघत नाहीत.

नांदेडला भूकंपग्रस्तांच्या मदतीचा कार्यक्रम होता. यादीत ते गाणं नव्हतं. रेणूनं ऐन वेळी सुरू केलं. मकबूल वाजवत राहिला, मान खाली घालून. लोकांनी ठेक्यावर टाळ्या धरल्या. सतरा नावं, सतरा टाळ्या. गाणं संपलं आणि हॉलमधून आवाज आला, वन्स मोअर. सगळा हॉल तेच म्हणायला लागला. रेणूनं डोळे पुसले आणि पहिलं नाव पुन्हा घेतलं.

मकबूलनं गिटार खांद्यावरनं काढली आणि तो स्टेज उतरून निघून गेला. गिटारच्या वायरीत माझा स्टँड अडकला. मी तोंडावर पडलो. पोचा तेव्हाचा.

ढेकूळ फुटलं. मकबूलनं ॲम्प्लिफायर नेला, मी रेणूकडं राहिलो. शिवप्पा लग्नाच्या बँडमध्ये गेला. रेणूची एकट्याची कॅसेट निघाली, ते गाणं एसटीत, रिक्षात वाजायला लागलं. पण पुढची गाणी पडली. चाल लावणारा नव्हता ना. शेवटी रेणूची बी. एस्सी. कामाला आली. लातूरला क्लासेसचं वारं सुटलेलं. रेणू फिजिक्स शिकवायला लागला आणि रेणू सर झाला. चारशे पोरं आणि मी. दर गॅदरिंगला पोरं तेच गाणं मागायची, सर गायचे. मी आतून आक्रसायचो. मकबूल नांदेडलाच राहिला, दोन वर्षं लग्नांत एकटा गायला, मग गाणंच सोडलं. माईक-ॲम्प्लिफायर दुरुस्तीचं दुकान टाकलं.

२००३ ला भूकंपाला दहा वर्षं होत होती. क्लासनं मोठा कार्यक्रम ठरवला, शेवटी सरांचं गाणं. आणि नेमका मी मुका झालो. नवीन माईक होते, पण सरांना मीच पाहिजे होतो. पिशवीत घालून ते नांदेडला गेले, थेट मकबूलच्या दुकानात. दहा वर्षांनी.

मकबूलनं मला उघडलं. मला वाटलं, ह्यानं मला नीट करू नये. बोटं मात्र हळूच चालली होती त्याची. "कशाला पायजे?" त्यानं विचारलं. सरांनी खरं ते सांगितलं.

मकबूलनं तुटलेल्या तारेला डाग दिला. मग म्हणला, "मलप्पा जिता हाय."

"कोण मलप्पा?"

"तुझ्या गाण्यातलं चौथं नाव. सोलापूरच्या दवाखान्यात निघाला. उमरग्याला रसवंती हाय त्याची. एसटीत ऐकलं म्हणे त्यानं. माझ्यावर लई चांगलं रडलेत, म्हणला. आणखी दोघं जिते हायत."

सर खुर्चीत बसले. "तू सांगितलं का नाहीस?"

"नंतर छावणीत जाऊन विचारलं मी. तू कधी विचारलं? आपण हरवलेल्यांची नावं घेत होतो रेणू. मेलेल्यांची न्हाई."

मग त्यानं मला जोडलं, जाळी पुसली आणि सरांच्या हातात दिलं. कार्यक्रमाला येशील का, असं सरांनी विचारलं. तो नाही म्हणला.

कार्यक्रमाच्या दिवशी हॉल गच्च. पोरं गाणं गाणं करत होती. सरांनी मला हातात घेतलं. मला वाटलं, आता पहिलं नाव येणार. आलं नाही.

"ह्या गाण्यात सतरा नावं आहेत," सर म्हणाले. "त्यातली तीन माणसं जिवंत आहेत. मी विचारलंच नव्हतं. हे गाणं मी आता म्हणणार नाही."

मागून कुणीतरी टाळी वाजवली आणि मधेच थांबवली. सरांनी स्वतःच्या हातानं माझं बटण बंद केलं.

मित्रांनो, माझी वायर ओढू नका, मला आपटू नका, हे तर आहेच. पण माझी खरी काळजी घ्यायची असेल तर माझ्यासमोर कुणाचं नाव घ्यायच्या आधी त्याची विचारपूस करून या. मी आवाज मोठा करतो. खरं काय, मला कळत नाही.

दुसऱ्या दिवशी सर उमरग्याच्या गाडीत बसले. मला बरोबर नेलं नाही. बरं केलं.