रंग कुठून आला?

मित्रांनो, मी एक जुना इलेक्ट्रोड आहे. नाव अवघड वाटलं ना? सोपं सांगतो. पांढऱ्या प्लास्टिकची पेन्सिलीएवढी कांडी, तिच्या टोकाला मसुरीच्या दाण्याएवढा काळा, आरशासारखा चकचकीत कार्बन. तो माझा चेहरा. कापडगिरण्यांच्या उधन्यातल्या एका छोट्या प्रयोगशाळेत मी राहतो आणि दिवसभर पाण्यात तोंड बुडवून बसतो. स्वभावाने मी भारी चौकस! पाण्यात काय काय आहे, ते कळेपर्यंत मला चैन पडत नाही.

पाण्यातले रंगाचे कण माझ्या चेहऱ्यावर येऊन चिकटतात. आत मुरत नाहीत बरं का, नुसते वर बसतात. याला म्हणतात अधिशोषण. रंग अगदी नखभर असला तरी थोडा वेळ थांबलं, की कण जमत जातात. मग वीज सोडली की संगणकाच्या पडद्यावरची रेघ टेकडीसारखी उठते. पण हेच कण माझा पिच्छाही सोडत नाहीत! म्हणून जयश्री, म्हणजे मला वापरणारी मुलगी, दर वेळी ओल्या मखमलीवर पांढरी भुकटी घेऊन मला इंग्रजी आठच्या आकारात घासते. गुदगुल्या होतात, पण चेहरा लख्ख होतो.

एकदा जयश्रीची आई प्रमिलाबाई जवळच्या बमरोलीहून, आपल्या घरून, पाण्याची बाटली घेऊन आल्या. सोबत सुपडूकाका होते. त्यांच्या गल्लीतल्या बोअरची मोटर तेच सांभाळतात. शेजारच्या मिलच्या नाल्याचा रंग बोअरमध्ये उतरतो, अशी गल्लीत कुजबुज होती. साऱ्या गल्लीला पाणी त्या एकाच बोअरचं.

"आई, नीट भरलंस ना?" जयश्रीने विचारलं.

"हा व माय! गाळीसन भरेल शे. तुना मशीनमा कचरा नको," प्रमिलाबाई आपल्या गावाकडच्या बोलीत कौतुकाने म्हणाल्या.

मी पाण्यात उतरलो. थोड्या वेळाने रेघ उठली, चांगली टेकडी! जयश्रीचा चेहरा पडला. आधीचा रंग माझ्यावर राहिला असेल म्हणून तिने मला घासलं आणि शुद्ध पाण्यात बुडवलं. रेघ सपाट. पुन्हा बाटलीतल्या पाण्यात, पुन्हा टेकडी. म्हणजे रंग बाटलीतच होता.

"झालं! मी आजच मोटरनी वायर काढी टाकसु," सुपडूकाका उठलेच. "पोरे हेच पाणी पेतस!"

मला फार वाईट वाटलं हो. वायर निघाली की गल्ली टँकरच्या रांगेत उभी राहणार, आणि तेही माझ्या सांगण्यावरून.

"काका, थांबा जरा," जयश्री म्हणाली. "आई, गाळलंस कशातून?"

प्रमिलाबाईंनी पिशवीतून ओलं फडकं काढलं. लालभडक, करकरीत नवं. मिलमधून आणलेली चिंधी. गल्लीत सगळ्यांच्याच नळाला अशी चिंधी बांधलेली असते म्हणे.

जयश्रीने फडक्याचा कोपरा शुद्ध पाण्यात पिळला. मला घासून त्यात बुडवलं. बघतो तर काय, तीच टेकडी, त्याच जागी! म्हणजे बाटलीतला रंग फडक्याचाच.

सुपडूकाका मोटरसायकलवरून गेले आणि थेट बोअरचं, न गाळलेलं पाणी घेऊन आले. जयश्रीने मला पुन्हा घासलं. या वेळी मी दुप्पट वेळ बसलो, एकही कण निसटू नये म्हणून. रेघ सपाटच राहिली. काका मटकन खुर्चीत बसले आणि हसायला लागले.

"तो रंग बोअरमध्ये नाही," जयश्री म्हणाली. "बाकीच्या तपासण्याही करू. पण वायर काढू नका."

प्रमिलाबाई मात्र हसल्या नाहीत. फडकं मुठीत धरून त्या म्हणाल्या, "जुनं मळेल व्हतं, म्हणून पोरेसकरता नवं बांधं मी."

जयश्रीने आईचा हात धरला. मग प्रमिलाबाईच उठल्या. "चाला सुपडूभाऊ. सगळास्ना नळ मोकळा करना शेत." आणि घरोघरच्या नळांच्या चिंध्या सोडायला त्या निघाल्या.

मित्रांनो, एक विनंती आहे. मला विचारण्याआधी माझा चेहरा घासत जा, आणि माझं उत्तर ऐकून लगेच कुणाची वायर तोडायला धावू नका. पाण्यात रंग आहे, एवढंच मला कळतं. तो कुठून आला, हे आईला प्रेमाने विचारावं लागतं.