बत्तीस खोट्या तारखा

मित्रांनो, मी एक जुना शिक्का आहे. राजमुद्रा वगैरे नव्हे. अमेरिकेतल्या मेन राज्यातल्या लामॉन्ट फॉल्स गावच्या ग्रंथालयात पुस्तकांवर परतीची तारीख उमटवणारा साधा तारखेचा शिक्का. माझी मूठ मेपलच्या लाकडाची आहे, अंग लोखंडाचं आणि पोटात चार रबरी पट्ट्या आहेत: एक महिन्याची, दोन दिवसाच्या, एक वर्षाची. वर्षाची पट्टी १९७९ला सुरू होते आणि १९९०ला संपते. त्यापलीकडचं मला काही ठाऊक नाही. पण तेवढ्या काळातलं मी नेमकं सांगेन. तारखेच्या शिक्क्याने अंदाजाने बोलू नये.

कारखान्यात माझ्या पट्ट्या बसवणाऱ्या बाईने माझा पहिला ठसा उजेडाकडे धरून पाहिला आणि म्हणाली, "स्वच्छ आहे." आयुष्यात मिळालेली ही माझी पहिली शाबासकी. पुढे बराच काळ मी तिच्याच जिवावर जगलो.

ऑक्टोबर १९७९मध्ये मी ग्रंथपाल ओडेट बोल्डुक यांच्या हाती आलो. त्या रोज सकाळी पेन्सिलीच्या टोकाने माझ्या पट्ट्या फिरवत आणि मला चौदा दिवस पुढे नेऊन ठेवत. पुस्तक घेऊन कोणी आलं की त्या मागचा पुठ्ठा उघडत. आत चिकटवलेल्या चिठ्ठीवर मी टेकत असे. खट्ट. हिवाळ्यात शाई घट्ट होई आणि मी अर्धवट उमटे. मग ओडेट मला तोंडाजवळ धरून वाफ देत आणि पुन्हा टेकवत.

माझ्याच खणात आणखी एक शिक्का राहत असे. तो लाल शाईचा होता आणि त्याला एकच शब्द येत असे: 'रद्द'. वर्षातून एकदा, जानेवारीतल्या छाटणीला, त्याला बाहेर काढत. ज्या पुस्तकाच्या चिठ्ठीवर तीन वर्षांत एकही तारीख पडली नाही, त्याच्या कपाळावर तो बसे. ग्रंथालयात काम करणाऱ्यांनी स्वतः नेलेलं पुस्तक या हिशेबात धरत नसत. लबाडी होऊ नये म्हणून हा नियम होता.

गुरुवारी दुपारी तीन वाजता कागदगिरणीची पाळी सुटली की माझ्या टेबलाशेजारी मंडळ भरे. विषय बारा महिने एकच असे: भयकथा. रेमंड ऊलेट गिरणीतल्या यंत्रावरून थेट येई. त्याच्या अंगाला गंधकाचा वास आणि काखेत डेल कोरिगनची जाडजूड कादंबरी असे. कोरिगन पूर्वी दंतवैद्य होता, आणि त्या काळी देशात त्याच्याइतका खपणारा भयकथाकार दुसरा नव्हता. केस कापण्याचं दुकान चालवणारी थेल्मा पिंकहॅम व्हिव्हियन स्टॉर्चची भक्त होती. तिला रक्त दाखवणारे लेखक आवडत नसत.

"कोरिगनच्या तोडीचा एक तरी दाखव," रेमंड म्हणे. "चाळीस देशांत वाचतात त्याला."

"सर्दीसुद्धा चाळीस देशांत होते, रे."

"मग वाच तुझी स्टॉर्च! तीनशे पानं नुसतं धुकं."

"धुक्यात काय आहे ते दिसत नाही, म्हणून तर पोटात गोळा येतो. तुझ्या दंतवैद्याच्या राक्षसाला दात किती, दाढा किती, त्यात किडलेल्या किती, सगळं पहिल्या प्रकरणात कळतं. मग राहिलं काय? चूळ भरा आणि घरी जा!"

"हस, हस. पण आज जो उठतो तो कोरिगनसारखं लिहितो. ह्याला म्हणतात प्रभाव."

इथे कोपऱ्यातल्या खुर्चीतून विणकामाच्या सुयांचा आवाज थांबे. तिथे हॅरिएट स्प्राउल बसत. त्यांनी गावच्या शाळेत एकतीस वर्षं अंकगणित शिकवलं होतं, त्यामुळे निम्मं गाव त्यांना 'बाई'च म्हणे.

"प्रभाव मोजायचा कसा, रेमंड?" त्या एकदा म्हणाल्या. "पुस्तक किती जणांनी नेलं यावरून, की एखाद्याच्या डोक्यातून ते किती दिवस गेलं नाही यावरून?"

"बाई, तुमचं वेगळंच असतं," रेमंड कान खाजवत म्हणाला. "तुमचं पुस्तक म्हणजे... भारीच!" आणि तो घाईघाईने डोनट घ्यायला उठला.

कारण बाईंनीही एक भयकथा लिहिली होती. नाव 'कपाटातला हिवाळा'. एका विधवेच्या घरी पिठाचं कपाट असतं. ते उघडलं की दर वेळी आतली हवा आदल्या दिवसापेक्षा थोडी अधिक गार लागते. आतून काही बाहेर येत नाही. एवढंच. ती कादंबरी १९६१ साली छापली गेली, पुन्हा कधी निघाली नाही, आणि गावात तिची एकुलती एक प्रत आमच्याकडे होती. बाई दर गुरुवारी मंडळ संपलं की त्या कप्प्यापाशी जात, स्वतःचं पुस्तक काढत आणि मागची चिठ्ठी पाहत. नऊ तारखा होत्या. शेवटची नोव्हेंबर १९७६ची.

जानेवारी १९८०मध्ये छाटणी आली. ओडेट यांनी ते पुस्तक टेबलावर ठेवलं. एका हातात लाल शिक्का होता. लोकांच्या गळ्यात हे पुस्तक घालायचा प्रयत्न त्यांनी केला नव्हता असं नाही. लोक म्हणत, "आत काही आहे का त्या कपाटात? नाही? मग नको." ओडेट स्वतः बाईंच्या वर्गात शिकल्या होत्या. लाल शिक्का त्यांनी खाली ठेवला, मला उचललं, आणि भर दुपारी, सँडविचचा घास तोंडात असताना, त्या पुस्तकाच्या चिठ्ठीवर तारीख दाबली. खट्ट.

कामाला लागून मला तीन महिनेही झाले नव्हते आणि मी पहिलं खोटं बोललो.

पुढच्या गुरुवारी बाईंनी चिठ्ठी पाहिली. चष्मा काढला, पुसला, पुन्हा पाहिली. "ओडेट," त्या हळूच म्हणाल्या, "कोणीतरी नेलं होतं गं." त्यानंतरच्या गुरुवारी विणताना त्यांचे टाके चुकले.

तो चेहरा पाहिल्यावर ओडेट यांना थांबता आलं नाही. दर ऋतूला एक तारीख. वर्षाला चार. बाई हळूहळू बदलल्या. वादात पडू लागल्या. "आपल्या गावातला वाचक हळू वाचतो, पण वाचतो," असं म्हणू लागल्या. त्यांनी दुसरी कादंबरी लिहायला घेतली. मला मात्र आनंद होईना. त्या चिठ्ठीवरच्या नऊ खऱ्या तारखा माझ्या आधीच्या शिक्क्याच्या होत्या. माझी त्यात एकही नव्हती. मी तिथे जे जे बोललो ते सगळं खोटं होतं, आणि सगळं स्वच्छ उमटलेलं होतं.

१९८७च्या ऑक्टोबरात शाळेत एक वाईट गोष्ट घडली. टॅमी थरस्टन नावाची नऊ वर्षांची मुलगी मधल्या सुट्टीत कोटांच्या कपाटात कोंडली गेली. बाहेर काढली तेव्हा ती बोलेना. चार दिवस बोलली नाही. तिचे आजोबा लोरिंग थरस्टन ग्रंथालयाच्या विश्वस्तांपैकी एक होते. माणूस वाईट नव्हता. पण नातीसमोर चार दिवस बसून काढलेल्या माणसाला कारण हवं असतं, आणि त्यांना ते आमच्या भयकथांच्या कप्प्यात सापडलं.

चौथ्या दिवशी, मंगळवारी चार वाजता वाचनालयातच सभा भरली. माणसांना खुर्च्या पुरेनात. मंडळ पुढच्या रांगेत होतं. थरस्टन यांनी पुस्तकांचा ढीग माझ्या शेजारी ठेवला.

"मला सगळी पुस्तकं काढायची नाहीत," ते म्हणाले. "पोरांवर ज्याचा प्रभाव पडतो ते काढा. मी मोजून आलोय. हा कोरिगन, ज्याच्या नावाने सगळे बोंब मारतात, त्याच्या चिठ्ठीवर तारखा किती? सहा. स्टॉर्च? अकरा. आणि हे बघा. एक्केचाळीस! नाव काय, तर 'कपाटातला हिवाळा'. कपाटातला! अजून काय पुरावा हवा?"

मित्रांनो, इथे त्यांची एक चूक झाली होती. चिठ्ठी भरली की आमच्याकडे ती फाडून टाकत आणि नवी कोरी चिकटवत. त्यामुळे गावात ज्याच्यावर सर्वांत जास्त उड्या पडत, त्याच पुस्तकाची चिठ्ठी बहुतेक वेळा रिकामी दिसे. न भरलेली जुनी चिठ्ठी न वाचलेल्या पुस्तकातच राहते.

पण बाईंचं तिकडे लक्ष नव्हतं. एक्केचाळीस हा आकडा ऐकून आधी त्यांची मान ताठ झाली. आयुष्यात पहिल्यांदा कोणीतरी भर सभेत म्हणालं होतं की त्यांच्या पुस्तकाचा प्रभाव पडतो. मग त्या आकड्याचा अर्थ त्यांच्या ध्यानात आला. त्या उठल्या. लोकरीचा गुंडा मांडीवरून घरंगळला.

"लोरिंग," त्या म्हणाल्या, "टॅमीला... माझ्या कपाटामुळे?"

"मिस स्प्राउल, तुम्ही मुद्दाम केलंत असं मी म्हणत नाही."

"मग काढून टाका ते. आत्ता. कुठाय तो लाल शिक्का? आणि दुसरंही मी जाळते घरी जाऊन."

ओडेट यांनी मला मुठीत घट्ट धरलं होतं. गप्प राहिलं तर नोकरी शाबूत राहणार होती, आणि बाईंचे वाचकही. पण एका मुलीची वाचा घालवल्याचं ओझं बाईंनी घरी नेलं असतं. बोललं, तर ते ओझं उतरलं असतं, पण नोकरी गेली असती आणि बाईंचे वाचकही.

"थरस्टनसाहेब," ओडेट म्हणाल्या, "त्या तारखा खोट्या आहेत. मी मारल्यात."

"म्हणजे?"

"छाटणीत जाऊ नये म्हणून. बाई, तुमच्या पुस्तकाने टॅमीला काही केलेलं नाही. कुठल्याच पोराने ते नेलेलं नाही. अकरा वर्षांत कोणीच नेलेलं नाही."

बाईंनी शाळेत विचारावं तसं विचारलं, "खऱ्या किती?"

"नऊ."

"त्यात तू?"

"दोनदा. नोकरीला लागायच्या आधी."

"मग सात." त्या पुढच्या रांगेकडे वळल्या. "रेमंड?"

रेमंडने टोपी हातात घेतली. "बाई, मी... नाही वाचलं."

"थेल्मा?"

थेल्मा वाकून घरंगळलेला लोकरीचा गुंडा उचलू लागली.

"आठ वर्षं तुम्ही माझ्यापुढे भयकथेवर वाद घातलात," बाई म्हणाल्या, "आणि मला वाटायचं, माझं चांगलं आहे म्हणूनच तुम्ही त्यावर भांडत नाही." त्यांनी लोकर पिशवीत भरली आणि त्या गेल्या.

पुढे शाळेतल्या एका शिक्षिकेने पोरांनाच विचारलं. हे कोणाला आधी सुचलं नव्हतं. पोरं रॉकेट-रॉकेट खेळत होती. कपाटाची कडी आपोआप पडली होती. त्यातल्या एकानेही भयकथा वाचली नव्हती. पाचव्या दिवशी टॅमी बोलू लागली. विश्वस्तांनी सगळी पुस्तकं ठेवली आणि खोटी नोंद केल्याबद्दल ओडेट बोल्डुक यांना काढलं. जाताना त्यांनी मला स्वच्छ पुसलं. ते त्यांना करावंसं का वाटलं, हे मला अजून कळलेलं नाही.

पुढच्या गुरुवारी कोपऱ्यातली खुर्ची रिकामी होती. त्यापुढच्याही. नोव्हेंबरमध्ये रेमंड एकटाच आला आणि 'कपाटातला हिवाळा' त्याने टेबलावर ठेवलं. नव्या ग्रंथपालाने मला उचललं. त्या चिठ्ठीवरची माझी ती पहिली खरी तारीख.

चार दिवसांनी तो परत आला, डोळे तारवटलेले. थेल्मा विचारत होती आणि तो सांगत होता.

"गेलो होतो बाईंच्या घरी. दार उघडेनात. आतूनच म्हणाल्या, 'दया करायला आलास?' मी म्हटलं, 'नाही. तुमचं अकरावं प्रकरण फसलंय, ते सांगायला आलोय.'"

"अरे मेल्या! असं बोललास?"

"मग काय करू? दहा प्रकरणं माझी पाचावर धारण बसली होती. बायकोला पीठ काढायला मी जाऊ देईना. आणि अकराव्यात ते बहिणीचं पत्र येतं आणि सगळा खुलासा करून टाकतं! सांग, रागावणार नाही का माणूस?"

"मग?"

"मग दार उघडलं. साखळी नाही काढली. पण फटीतून पाऊण तास भांडल्या माझ्याशी. म्हणाल्या, कोरिगन वाचून माझी अक्कल किडलीय."

मित्रांनो, १९९० संपता संपता ग्रंथालयात संगणक आला आणि मी खणात गेलो. माझं रबर आता तडकलं आहे. बाई पुन्हा मंडळात आल्या नाहीत. दुसरी कादंबरी त्यांनी पुरी केली की जाळली, ते मला कोणी सांगितलं नाही. खणात पडल्या पडल्या त्या बत्तीस तारखा मला आठवतात. मी त्या प्रेमापोटी उमटवल्या असं स्वतःला सांगून पाहतो, पण मन मानत नाही.

तुमच्याही ओळखीत कोणी लिहीत असेल, गात असेल, काही घडवत असेल. न वाचताच त्याला 'भारी' म्हणू नका, आणि न वाचताच 'वाईट' म्हणू नका. दोन्ही शिक्केच आहेत, आणि शिक्का मारायला काही लागत नाही, हे माझ्याइतकं कोणाला ठाऊक असणार! आधी पुस्तक उघडा. मग त्याच्या दारात जाऊन खुशाल भांडा. पण तो दार उघडू शकतो आहे तोवर जा.