फोटोपुरता कोट

मित्रांनो, मी एक जुना कोट आहे. रंग गडद निळा, बटणे तीन. समोरून बघाल तर अजूनही रुबाबदार दिसतो. पाठीकडून न बघितलेले बरे.

माझा जन्म एका शिंप्याच्या दुकानात झाला. ज्यांनी मला शिवायला टाकले, ते गृहस्थ न्यायला फिरकलेच नाहीत. बेतून कापले मास्तरांनी, पण माझे अस्तर आणि काजे-बटणे केली ती त्यांच्या हाताखालच्या बाईने. ती मला रोज झटकून ठेवायची. आपण कुणाच्या तरी मोठ्या दिवसासाठी आहोत, असे तेव्हा मला वाटायचे.

पुढे एका कॉम्प्युटर क्लासच्या सरांनी मला विकत घेतले. ‘नोकरीसाठी तयार करून देतो’ अशी त्यांची पाटी होती. तिथे शिकवणे सुरू होण्याआधी फोटो निघायचा. नोकरीच्या अर्जावर माणूस साहेबासारखा दिसला पाहिजे, म्हणून प्रत्येकाने मलाच घालायचे. जाड माणसासाठी माझी पाठीची शिवण उसवून ठेवली होती, बारीक माणसाला मागून चिमटे लावायचे. फोटो कमरेपर्यंतच. खाली पायात कुणाच्या काय आहे, ते कोण बघतो?

एक दिवस माझ्या बाहीत ओळखीचा हात शिरला. तीच बाई! लोक तयार कपडे घेऊ लागल्याने मास्तरांकडे काम उरले नव्हते, आणि आता खुर्चीत बसून कमवायचे असे तिच्या मनाने घेतले होते. माझी उसवलेली शिवण तिने बोटांनी चाचपली आणि सुटलेला दोरा आत खोचला. फोटोत मात्र इतकी छान हसली की सर खूश झाले.

मी वर्गातल्याच खुंटीवर असायचो, म्हणून खात्रीने सांगतो, ती जीव ओतून शिकली. दुसऱ्यांच्या प्रोग्रॅममधल्या चुका शोधण्यात तिचा हात कोणी धरू शकत नसे. पण मुलाखतीला जाईल तिथे एकच प्रश्न, आधी कुठल्या कंपनीत होता? नोकरी काही लागेना. आणि एका सकाळी चौकात भला मोठा फलक लागला. त्यावर ती आणि मी. खाली लिहिले होते, ‘काल शिवणकाम, आज सॉफ्टवेअर कंपनीत!’

ती तडक सरांकडे आली. सर शांतपणे म्हणाले, “आज ना उद्या लागेलच की नोकरी. आपण फलक थोडा आधी लावला, एवढंच.”

जुन्या कामावर परत गेली, तर मास्तरांना ती थट्टा वाटली. कंपनीतल्या मॅडम आमच्याकडे काजे करणार होय, म्हणाले. शिवाय तिच्या जागी दुसरी आली होती. घरी सासूबाईंनी तोवर सगळ्या नात्यात बातमी पोचवली होती. आता नाही कोणत्या तोंडाने म्हणायचे? शेवटी सरांनीच तिला ठेवून घेतले, फोटोच्या खोलीत, मला लोकांच्या अंगावर बसवायला. चिमटे गेले, टाचण्या आल्या. घरून ती ‘कंपनीत जाते’ सांगून निघायची. मला तिचा राग आला नाही. माझाच आला.

मागच्या आठवड्यात तिची धाकटी नणंद आली. दवाखान्यातली कायमची नोकरी ती दुसऱ्या दिवशी सोडणार होती आणि संध्याकाळी इथली फी भरणार होती. वहिनीला बघून तिला वाटले, आपल्यासाठी हिने मुद्दाम सुट्टी काढली.

“तुझा फोटो बघूनच आले गं वहिनी,” मला अंगात चढवत ती म्हणाली. “खरं सांग, लागते ना नोकरी?”

सर कॅमेऱ्यामागे उभे होते. वहिनीने टाचण्या ओठांत धरल्या होत्या, म्हणून ती नुसतीच ‘हं’ म्हणाली. टाचण्या हातात घेऊन बोलता आले असते. बोल बाई, मी मनात म्हणत होतो, तुझी नोकरी जाईल पण हिची तर राहील. एकेक टाचणी माझ्या पाठीत गेली. शेवटचीही गेली. ओठ मोकळे झाले. तिने सरांकडे पाहिले, मग नणंदेच्या खांद्यावरचा दोरा काढला.

“हनुवटी जरा वर घे,” ती म्हणाली.

मित्रांनो, जुन्या वस्तूंची निगा राखा, असे मी आता सांगायला हवे. माझे काय, एक इस्त्री फिरवली की भागते. निगा राखायचीच तर माणसांची राखा. फलकावर कुणी माझ्यासारखा कोट घालून हसताना दिसले, तर त्या माणसाला शोधून काढा, आणि साहेब जवळ नसताना विचारा, की बाबा रे, तू सध्या कुठे असतोस?

नणंदेचा फोटो सुरेख आला आहे. पुढच्या महिन्यात चौकातला फलक बदलणार आहेत.